फुंकर बसवायला येणारा मामा

"हात लावू नका, मी येतो," असं मामा एकदा आग विझवायला आलेल्या माणसाला फोनवर म्हणाला होता. जिन्याखालच्या मीटरच्या पेटीतून धूर निघत होता, बंब दारात उभा होता, आणि त्या बिचाऱ्याला मेन स्विच कुठे आहे एवढंच विचारायचं होतं. मामाची वाट बघायची त्याची तयारी नव्हती. त्याने पेटी कुऱ्हाडीने फोडली, धूर थांबला. मग मामा धापा टाकत पोचला आणि फुटक्या पेटीसमोर जे तोंड करून उभा राहिला, ते त्याच्या भाचीला अजून आठवतं. घर वाचल्याचा आनंद त्या तोंडावर औषधालाही नव्हता. आपल्यावाचून वाचलं, हे त्याला डाचत होतं.

मामा म्हणजे भाचीच्या आईचा धाकटा भाऊ. लग्न केलं नाही. का नाही असं विचारलं तर "कुणी अडलं नव्हतं" असं म्हणायचा. बहिणीच्याच घरात वरच्या खोलीत राहायचा. तरुणपणी रेडिओ दुरुस्त करायचा. मग लोकांनी रेडिओ दुरुस्त करणं सोडलं, बिघडला की फेकायला लागले. तेव्हा मामा काही दिवस दुकानाच्या फळीवर कोपर टेकून रस्त्याकडे बघत बसला आणि नंतर प्रोग्रॅमिंगची जाडजूड पुस्तकं आणून स्वतःच शिकला. शिकला तेही रेडिओसारखंच. सगळं उघडून, पसरून, स्क्रू चहाच्या बशीत ठेवून.

फुंकर हे त्याच्या हातून पूर्ण झालेलं एकमेव काम. माणूस मोठ्याने वाचतो तेव्हा दोन वाक्यांच्या मधे श्वास घेतो. समोर बसणाऱ्याला तो जाणवत नाही, पण माइकला जाणवतो, आणि ऐकणाऱ्याच्या कानात तो असा शिरतो की वाचणारा जिना चढून आलाय असं वाटावं. रेकॉर्डिंगच्या प्रोग्रॅमला फुंकर जोडली की ती हे श्वास शोधून काढते आणि पुसून टाकते. अशा जोडायच्या तुकड्याला प्लगिन म्हणतात. बहिणीला ते समजावताना मामा म्हणाला होता, "शिवणयंत्राला काज करायचा पाय वेगळा लावतात ना ताई, तसं."

"आणि तो पाय लावायला दर वेळी शिंपी घरी येऊन चहा पितो का?" आईने विचारलं होतं.

हा टोमणा वर्मी लागायचं कारण होतं. फुंकर उत्तम चालायची, पण ती बसवणं मामाशिवाय कुणाच्या बापाला जमत नसे. त्याने दिलेली झिप फाइल उघडली की आत आणखी एक झिप. तिच्यात 'फुंकर' नावाचा फोल्डर, त्याच्या पोटात 'फुंकर नवीन', त्याच्या पोटात 'फुंकर नवीन खरी', आणि तिथे पोचल्यावर विजेच्या बिलाचा फोटो, कुठल्याशा वायरीचं चित्र आणि 'हे नको' नावाची फाइल, जी हवी असायची. रेकॉर्डिंगचा प्रोग्रॅम आळशी होता. तो प्लगिन शोधायला एकाच फोल्डरात डोकवायचा, खाली उतरायचा नाही. मग मामा स्वतः जायचा, एकेक फाइल हाताने उचलून जागेवर ठेवायचा. कळस म्हणजे फुंकर काही फाइली मामाच्या स्वतःच्या कॉम्प्युटरवरच्या पत्त्यावर शोधायची. तो पत्ता बदलायचा सोडून मामा ज्याच्या त्याच्या कॉम्प्युटरवर तोच पत्ता उभा करायचा. त्यासाठी प्रत्येकाच्या स्क्रीनच्या मधोमध एक फोल्डर ठेवलेला असे. त्याचं नाव 'हात लावू नये'. कुणी चुकून तो हलवला की फुंकर मुकी व्हायची, आणि फोन वाजायचा.

"हात लावू नका," मामा खुशीत म्हणायचा, "मी येतो."

आणि जायचा. इस्त्रीचा शर्ट घालून. बाहुलीपटांत कोल्ह्याचा आवाज काढणारा एक जण होता, त्याच्याकडे जायचा. आवाजाची शिकवणी घेणाऱ्या बाईंकडे जायचा. आणि सगळ्यात जास्त काकूंकडे. काकू जन्मभर रेडिओवर बातम्या वाचून निवृत्त झालेल्या. नवरा गेल्यावर त्याचं कपड्यांचं कपाट रिकामं झालं, आवाज घुमू नये म्हणून त्यात त्यांनी रजया ठोकून घेतल्या, एक स्टूल ठेवलं आणि आत बसून पुस्तकं रेकॉर्ड करू लागल्या. त्यांच्याकडे मामासाठी एक कप ठरलेला होता, कान तुटलेला. "कान तुटलेला कप मला का?" असं एकदा त्याने विचारलं, तर त्या बातम्यांच्या आवाजात म्हणाल्या, "कारण तो दुसऱ्या कुणाला देता येत नाही." मामाने हे वाक्य घरी येऊन सगळ्यांना सांगितलं आणि त्याचा अर्थ काय असेल यावर जेवण होईपर्यंत चर्चा केली. आई म्हणाली, "अर्थ असा की तो कप फेकायचाय आणि तू मधे येतोस."

असं सगळं सुरळीत बिघडत चाललेलं असताना भाचीने त्यात पाय घातला.

भाची ध्वनिपुस्तकांच्या केंद्रात नोकरीला होती. ज्यांना डोळ्यांनी वाचता येत नाही त्यांच्यासाठी तिथे पुस्तकं रेकॉर्ड होत. केंद्राने ठरवलं की आता दूरदूरच्या शहरांतले वाचक घरी बसून वाचतील, सगळ्यांचं रेकॉर्डिंग एकसारखं हवं, म्हणून सगळ्यांकडे श्वास पुसणारं एकच प्लगिन हवं. भाचीने फुंकरीचं नाव सुचवलं. साहेबांनी ऐकून बघितली, त्यांना आवडली. मग त्यांनी विचारलं, "बसवायची कशी?"

भाची म्हणाली, "मामा येतो."

साहेब हसले. त्यांना वाटलं विनोद आहे. मग त्यांच्या लक्षात आलं की नाही. ते म्हणाले, आठवड्याभरात हे कुणालाही आपलं आपण बसवता आलं पाहिजे. नाहीतर बाजारात तयार मिळतं ते घेऊ, आणि मग सगळे तेच वापरतील.

"सगळे म्हणजे?" मामाने विचारलं. भाचीने घरी येऊन सांगितलं तेव्हा तो वरच्या खोलीत पलंगावर बसला होता. खुर्ची होती, पण खुर्चीवर एक उघडा कॉम्प्युटर बसला होता. खोलीत पाऊल ठेवायला जागा म्हणजे मामाने गेल्या वेळी जिथे पाऊल ठेवलं होतं तेवढीच.

"सगळे म्हणजे सगळे. काकूसुद्धा. त्या केंद्रासाठीच वाचतात."

 मामाने बशीतला एक स्क्रू उचलला, बघितला, परत ठेवला.

"पोरी, सोपं केलं की कोण बोलावतं?" तो म्हणाला.

हे तो इतक्या सरळ बोलेल असं तिला वाटलं नव्हतं. तिने वाद घालायची तयारी केली होती. पसाऱ्यावर, आळशीपणावर, जुन्या खोडीवर. 

"अरे मामा, तू असाही जाऊ शकतोस की. भेटायला."

"भेटायला कोण जातं? रिकाम्या हाताने दारात उभं राहून काय म्हणायचं? आलोय म्हणून? मग ते म्हणणार, या. मग बसायचं. मग ते बघणार घड्याळाकडे. काही बिघडलेलं असलं की कसं, माणसाला पाठमोरं बसून बोलता येतं."

दारात आई उभी होती, धुतलेले कपडे खांद्यावर टाकून. "घरी ये ना चहाला," ती म्हणाली. "खाली स्वयंपाकघरात. रस्ता माहीत आहे."

"तुझ्याकडे चहाबरोबर बोलणी मिळतात, ताई."

"बिस्किटं संपली की बोलणीच देणार."

भाचीने हिशेब स्पष्ट मांडला. सोपं केलं तर बोलावणी बंद. नाही केलं तर फुंकरच बंद, आणि फुंकर बंद म्हणजे बोलावणी तशीही बंद. मामाने दोन्ही बाजूंनी उलटसुलट करून बघितलं. दोन्ही बाजूंनी तोच गेलेला. शेवटी तो म्हणाला, "निदान ती तरी जगू दे," आणि पलंगावर सरकून तिला जागा करून दिली.

मग दोघं आवरायला बसले. मेलेल्या माणसाचं कपाट आवरावं तसं ते चाललं होतं, फक्त मेलेला माणूस शेजारी बसून प्रत्येक वस्तूवर हरकत घेत होता. 'फुंकर नवीन' आणि 'फुंकर नवीन खरी' यांत फरक काय? फरक असा की पहिली कोल्ह्याकडे चालली नव्हती. मग ती ठेवायची कशाला? कोल्ह्याने कॉम्प्युटर बदलला तर? 'हे नको' हवं असेल तर त्याचं नाव 'हे नको' का? कारण तेव्हा नको होतं. भाचीने नियम घातला: झिप एकदाच उघडायची. उघडल्यावर वरच, डोळ्यांसमोर, प्रोग्रॅमला लागते ती फाइल. तिच्या शेजारी आवाजांचा एक फोल्डर, सेटिंगचा एक, आणि एक पान, 'आधी हे वाचा'. बास. आणि फुंकरीने कुठलीही वस्तू शोधायची ती स्वतःच्या घरात शोधायची, मामाच्या नाही.

"म्हणजे 'हात लावू नये' गेलं," मामा म्हणाला.

"गेलं."

"वर्षानुवर्षं लोकांनी त्याला हात लावला नाही गं."

"लावला, मामा. म्हणून तर फोन यायचे."

'आधी हे वाचा' मामाने स्वतः लिहायला घेतलं. दोन दिवस लिहीत होता. त्याची सुरुवात माणूस श्वास का घेतो इथून होती, मधे रेडिओचं दुकान येऊन गेलं, आणि बसवायची रीत शेवटी होती, तीही 'यानंतर सगळं आपोआप लक्षात येईल' अशी. शेवटी त्याचा फोन नंबर, ठळक. भाचीने सगळं छाटून चार ओळींवर आणलं. नंबरावर तिचा हात थांबला.

"राहू दे तो," मामा म्हणाला. "अडलं कुणी तर."

तिने राहू दिला.

बांधाबांध झाली. भाचीने ती झिप आपल्या कॉम्प्युटरवर उघडली, फुंकर एका दमात बसली, आणि काहीच करेना. श्वास जिथल्या तिथे. तिने पुन्हा बसवली. श्वास आणखी मोठ्याने येतोय असं वाटायला लागलं. मामा पलंगावरून हे सगळं अतिशय शांतपणे बघत होता.

"तू काढून टाकलंस काहीतरी," तो म्हणाला.

"कचरा काढला फक्त. तुझं बिल, वायरीचं चित्र, आणि ते 'ताई दुपार' नावाचं काहीतरी."

"झालं तर मग. ताई दुपारशिवाय कशी चालेल?"

त्याने फाइल उघडून वाजवली. खोलीभर एक आवाज पसरला. आधी खालून खरवडत वर यायचा, वर जरा अडायचा, मग फुस्सकन सुटायचा. भाचीने तो ताबडतोब ओळखला. लहानपणापासून सुट्टीतल्या प्रत्येक दुपारी तो भिंतीपलीकडून ऐकत ती वाढली होती.

"तू आईचं घोरणं घातलंस यात?"

"नमुना लागतो ना. श्वास म्हणजे काय ते तिला शिकवायचं कसं? चार-पाच जणांचे घेऊन बघितले, सगळे मिळमिळीत. तुझ्या आईच्या श्वासात सगळं आहे. चढ, उतार, अडथळा. त्याच्याशी ताडून बघते फुंकर, आणि मिळतंजुळतं दिसलं की पुसते."

आई तोवर वर आली होतीच. तो आवाज घरात कुठेही लागला असता तरी ती आली असती. तिला आधी पटेना की ते तिचं आहे. ती म्हणाली ही मोटार आहे. मग पटलं, आणि मग तिने भावाला ऐकवायला सुरुवात केली. मेल्या, झोपलेल्या बहिणीच्या तोंडाशी माइक धरताना हात कसा झडला नाही तुझा. काकूंच्या घरात माझं घोरणं? कोल्ह्याच्या घरात? आणि आता गावोगाव?

"पुसायला वापरतो, ताई. ऐकू कुणालाच येत नाही."

"म्हणजे माझं घोरणं गावोगाव जाणार आणि तू घरी बसणार," आई म्हणाली. बोलून झाल्यावर तिने भावाच्या चेहऱ्याकडे बघितलं आणि खांद्यावरचे कपडे उगाच दुसऱ्या खांद्यावर घेतले. "नाव बदला त्याचं," ती जाता जाता म्हणाली. "माझं नाव नको कुठे."

भाचीने फाइलीचं नाव 'नमुना' केलं आणि ती आवाजांच्या फोल्डरात ठेवली. फुंकर लगेच कामाला लागली.

आता चाचणी. भाचीने मुद्दाम काकूंना निवडलं, कारण काकूंना कॉम्प्युटरची धास्ती होती. माउस त्या उंदीर पकडल्यासारखा धरायच्या. त्यांना जमलं तर जगाला जमेल. मामा म्हणाला मीही येतो. भाचीने अट घातली: मांड्यांखाली हात, आणि तोंड उघडायचं नाही. काकूंनी कितीही विचारलं तरी नाही.

"कबूल," मामा म्हणाला आणि इस्त्रीचा शर्ट घालून आला.

काकूंची खोली दुपारच्या उन्हात तापली होती. खिडकीखाली टेबल, टेबलावर कॉम्प्युटर, स्क्रीनवर फुलांचं चित्र आणि फुलांच्या बरोबर मधोमध 'हात लावू नये'. शेजारी ते कपाट, दारं उघडी, आत रजया आणि माइक. स्वयंपाकघराच्या ओट्यावर तीन कप मांडून ठेवलेले दारातून दिसत होते. त्यातल्या एकाला कान नव्हता.

"अहो मामा, आज गप्पसे?" काकू म्हणाल्या.

मामाने भाचीकडे बघितलं आणि मान हलवली.

"त्याला बोलायची बंदी आहे, काकू," भाची म्हणाली. "जुनी फुंकर मी काढून टाकते. नवी तुम्ही एकट्याने बसवायची. अडलं तर थांबायचं, आम्ही फक्त बघणार."

काकूंनी चष्मा लावला, माउस धरून भाचीने दिलेली झिप उघडली. 'आधी हे वाचा' उघडलं आणि चारही ओळी मोठ्याने वाचल्या, शेवटच्या नंबरासकट, जणू त्या नंबरावर मदत पाठवायचं आवाहन करताहेत. मग पुन्हा माउस धरला. झिप उघडली. मामाचे हात मांड्यांखाली वळवळत होते. वरची फाइल तिथेच होती, डोळ्यांसमोर. काकूंनी ती ओढून प्रोग्रॅमच्या फोल्डरात सोडली, तिच्यामागून आवाजांचा फोल्डर, सेटिंगचा फोल्डर. एकदा त्या थबकल्या. मामा पुढे झुकला, त्याचे ओठ विलग झाले. पण काकू फक्त चष्मा पुसायला थांबल्या होत्या. प्रोग्रॅम उघडला. यादीत फुंकर हजर.

"एवढंच?" काकू म्हणाल्या.

भाचीच्या छातीवरचा दगड उतरला. आठवडा, साहेब, बाजारातलं तयार प्लगिन, सगळं त्या एका शब्दात मिटलं. आणि तेवढ्यात तिने मामाकडे बघितलं. जिन्याखालच्या फुटक्या पेटीसमोर उभा असलेला माणूस तिथे बसला होता.

"एवढंच, काकू," ती म्हणाली.

"मग आता यांना यायचा त्रास नाही," काकू म्हणाल्या. हे त्या कुठल्या सुरात म्हणाल्या ते सांगणं अवघड. त्यांनी जन्मभर पूर आणि पुष्पप्रदर्शन एकाच आवाजात वाचलं होतं. "आणि हे?" त्यांनी स्क्रीनच्या मधोमध बोट दाखवलं. "हे आता काढायचं?"

"काढलं तरी चालेल. त्याची गरज नाही आता."

काकू क्षणभर त्या फोल्डराकडे बघत राहिल्या. मग माउस सोडून उठल्या. "आधी वाचून बघू," म्हणाल्या.

त्या कपाटात शिरल्या, स्टुलावर बसल्या. उकडत होतं म्हणून दारं उघडीच ठेवली. भाचीने रेकॉर्डिंग सुरू केलं. काकू एका प्रवासवर्णनातला उतारा वाचत होत्या, कुठल्याशा बोटीचा. स्क्रीनवर त्यांच्या वाक्यांचे डोंगर उमटत चालले होते आणि डोंगरांच्या मधे श्वासाच्या लहान लहान टेकड्या. बोट किनाऱ्याला लागली तिथे त्यांनी नेहमीप्रमाणे थोडं मोठं थांबणं घेतलं. बातम्या वाचणाऱ्यांना थांबायचं कुठे ते बरोबर कळतं.

त्या थांबण्यात मामाने उसासा सोडला.

बोलायची बंदी होती, उसाशाची कुणी घातली नव्हती. आणि तो त्याच्याकडून सुटला, सावकाश, आतून खरवडत, वर जरा अडून. सख्खा भाऊ शोभेल असा. भाचीने स्क्रीनवर बघितलं. काकूंच्या दोन वाक्यांच्या मधे एक रुंद, बुटकी टेकडी उभी राहिली होती. काकूंच्या कुठल्याच श्वासापेक्षा ती मोठी होती.

काकू वाचून बाहेर आल्या. "आता ते बटण दाबायचं ना? मीच दाबते," म्हणाल्या आणि भाची काही बोलायच्या आत त्यांनी दाबलं.

फुंकर चालली. डावीकडून उजवीकडे, वाक्य सोडून, टेकडी धरून. काकूंचे श्वास एकेक करून सपाट झाले. मग ती त्या रुंद टेकडीपाशी आली. इतर ठिकाणी जितका वेळ लागला तितकाच तिथे लागला. टेकडी होती तिथे सरळ रेघ आली, आणि फुंकर पुढे गेली.

काकूंनी कानाला हेडफोन लावून तो भाग ऐकला. बोट किनाऱ्याला लागते तिथे त्यांनी डोळे मिटून घेतले.

"स्वच्छ," त्या म्हणाल्या. "काहीही ऐकू येत नाही."

मामाने मांड्यांखालून हात काढले. ते बधिर झाले असावेत. त्याने ते एकदा उघडून मिटून बघितले. आत पाणी उकळायला लागलं होतं. काकू "थांबा, चहा" म्हणून तिकडे वळल्या. मामा उठला, खुर्ची टेबलाखाली नीट सरकवली, स्क्रीनवरच्या फुलांकडे आणि फुलांच्या मधोमध अजून बसलेल्या फोल्डराकडे एकदा बघितलं. मग दारापाशी जाऊन चपला पायात घातल्या, भाचीने घातलेली अट तोंडात तशीच धरून, आणि बाहेर पडला.